‘सामावून घेऊया’मध्ये खटकण्यासारखे काय?

प्रश्न असा आला आहे : ‘आमच्या वाचनमंडळाच्या पत्रकात आम्ही “दिव्यांग बांधवांना आपल्यात सामावून घेऊया” असे वाक्य घातले. व्हीलचेअर वापरणाऱ्या आमच्या एका सभासद बाईंनी ते वाचून विचारले, “मी बाहेर होते कधी?” आम्हाला तर “सामावून घेणे” हा अस्सल मराठी आणि मायेचा प्रयोग वाटला होता. “समावेशन” फारच सरकारी वाटते. मग लिहावे काय? आणि “दिव्यांग” बरोबर की “अपंग”?’

सभासद बाईंचा कान तयार आहे. वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण जे खटकले ते क्रियापदातच आहे.

‘सामावणे’ हे ‘मावणे’च्या घरातले. ‘मावणे’ म्हणजे मापात बसणे. त्याच्या मुळाशी संस्कृत ‘मा’ हा मोजण्याचा धातू आहे. मान, परिमाण, प्रमाण हे सगळे तिथलेच. पिशवीत धान्य मावते, आनंद गगनात मावत नाही. म्हणजे इथे एक जागा असते आणि एक तिच्यात बसणारा. जागेचा आकार आधीच ठरलेला असतो. अंग चोरून बसायचे ते दुसऱ्याने.

त्यात ‘घेणे’ची भर पडते. ‘जेवून घे’, ‘शिकून घे’ यांत हे ‘घेणे’ स्वतःच्या फायद्याचे आहे. पण ‘सांभाळून घ्या’, ‘चालवून घेऊ’, ‘खपवून घेणार नाही’, ‘जुळवून घेतलं झालं’ ही मालिका बघा. इथे घेणारा स्वतःला थोडी तोशीस लावून समोरच्याचे काहीतरी पत्करत असतो. ‘सामावून घेणे’ ऐकताना आपल्या कानात हीच मालिका वाजते, आणि म्हणूनच तो प्रयोग मायेचा वाटतो. मायेचा आहेच; पण ती यजमानाची माया आहे.

यजमान आणि पाहुणा खरोखरच असतील तिथे हा प्रयोग चपखल बसतो. नव्याने आलेल्या माणसाला गटाने सामावून घेतले. कंत्राटी कर्मचारी ‘आम्हाला सेवेत सामावून घ्या’ अशी मागणी करतात, तेव्हा दार उघडण्याचा अधिकार मालकाकडे आहे हे उघडच असते. पण तुमच्या बाई वर्गणी भरून सभासद झालेल्या आहेत. त्यांना ‘आपल्यात’ घ्यायचे म्हटल्याबरोबर ‘आपण’ कोण, याचा हिशेब त्यांना वगळून मांडला गेला. खरे तर मला ‘सामावून’पेक्षा हे ‘आपल्यात’च अधिक बोचले.

आता ‘समावेश’. हा ‘सामावणे’चाच संस्कृत अवतार असावा असे अनेकांना वाटते, पण त्याचे मूळ वेगळे आहे : सम् + आ + विश्. ‘विश्’ म्हणजे आत शिरणे. ‘प्रवेश’ही त्याच धातूचा. गंमत अशी की प्रवेश आपण आपला करतो, समावेश मात्र आपला दुसरेच कोणीतरी करते. ‘यादीत तिच्या नावाचा समावेश करण्यात आला’ या वाक्यात ती स्वतः काहीच करत नाही. ‘समावेशन’ ही त्याच्यापुढची पायरी, खास अहवालांसाठी घडवलेली.

तरी या सरकारी शब्दावर एका बाबतीत अन्याय होऊ नये. शिक्षणशास्त्रात ‘एकात्म शिक्षण’ आणि ‘समावेशक शिक्षण’ यांत फरक करतात. एकात्म पद्धतीत अपंग मुलाला नेहमीच्या शाळेत बसवले जाते आणि शाळा आहे तशीच राहते. समावेशक पद्धतीत मुलाप्रमाणे शाळेने बदलायचे असते : वर्ग, पुस्तके, शिकवण्याची रीत, परीक्षा. 1994 साली स्पेनमधल्या सालामांका इथे झालेल्या शिक्षणविषयक जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्याने हा विचार जगभर नेला. म्हणजे परिभाषेत ‘समावेशन’चा अर्थ ‘जागेने आकार बदलणे’ असाच आहे. पण मराठी कानाला तो अर्थ परिभाषा शिकल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि पत्रक वाचणाऱ्याने ती शिकलेली असेल असे धरून चालता येत नाही.

मला स्वतःला ‘सहभाग’ हा शब्द जवळचा वाटतो. ‘भाग’ म्हणजे वाटा. ज्याचा वाटा असतो तो मागत नाही, मोजून घेतो. हा शब्द नुसत्या आवडीचाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली अपंगत्वाचे जे वर्गीकरण स्वीकारले त्यात शरीर, कृती आणि सहभाग अशा पातळ्या आहेत, आणि भोवतालची परिस्थिती या सगळ्यांवर परिणाम करते असे मानले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराने तिसऱ्या कलमात सहभाग आणि समावेश ही दोन्ही तत्त्वे शेजारीशेजारी ठेवली आहेत. भारताच्या 1995 च्या कायद्याच्या तर नावातच समान संधी आणि हक्कांचे संरक्षण यांच्या जोडीला पूर्ण सहभाग होता. मात्र ‘सहभागी करून घेऊया’ असे लिहाल तर ‘घेणे’ मागच्या दाराने परत येईल! ‘सहभागी होता यावे’ म्हणा.

‘होता यावे’वरून एक मुद्दा सांगायलाच हवा. मराठीत ‘-ता येणे’ ही रचना कारण पोटात ठेवते. ‘तिला सभेला येता येत नाही.’ का येत नाही? पाय चालत नाहीत म्हणून, की सभागृहाला तीन पायऱ्या आहेत म्हणून? वाक्य सांगत नाही, आणि वाचणारा सवयीने पायांकडे बोट दाखवतो. अपंगत्वाचा आजचा विचार याच्या उलट दिशेने जातो. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच कराराच्या प्रस्तावनेत म्हटले आहे की शरीरातली किंवा मनातली उणीव आणि बाहेरचे अडथळे एकमेकांना भिडतात, तेव्हा अपंगत्व उभे राहते. तेव्हा कारण वाक्यात आणा : ‘पायऱ्यांमुळे तिला सभेला येता येत नाही.’ आता दुरुस्त काय करायचे तेही कळते. तेही हिशेबाने करावे लागते, कारण रॅम्पचा चढ साधारण 1:12 पेक्षा (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) तीव्र नसावा असे मानक आहे. 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे 45 सेंटिमीटर उंची, म्हणजे 5 मीटर 40 सेंटिमीटर लांबीचा रॅम्प. पायऱ्यांवर फळी टाकून ‘सोय केली आहे’ म्हणणाऱ्यांनी ती फळी एकदा मोजून पाहावी.

‘सोय’ आणि ‘सवलत’ यांचीही अशीच सरमिसळ होते. अंध विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्याला बातम्यांत सर्रास ‘सवलत’ म्हणतात. सवलत म्हणजे नियमातून सूट, पदरात पडलेले काहीतरी जास्तीचे. लेखनिकामुळे प्रश्नपत्रिका सोपी होत नाही, उत्तर कागदावर उतरते एवढेच. ती सोय आहे. तिकिटाच्या दरात सूट असेल तिथे ‘सवलत’ जरूर लिहा.

आधाराची भाषा तपासायला माझी एक साधी युक्ती आहे : कोणी कोणाला धरले ते पाहावे. अंध व्यक्तीबरोबर चालण्याची रूढ पद्धत अशी की ती सोबत्याच्या दंडाला, कोपराच्या किंचित वर धरते आणि अर्धे पाऊल मागून चालते. सोबत्याचे शरीर वळले, थांबले, पायरी चढले की ते तिला हातातून कळते, आणि नको वाटले तर हात सोडणे तिच्याच हाती राहते. उत्साही मंडळी मात्र तिचाच दंड पकडून तिला पुढे ढकलत नेतात. मराठीत पहिल्याला ‘सोबत करणे’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘धरून नेणे’. पत्रकातल्या प्रत्येक वाक्याला ही कसोटी लावता येते. ‘व्हीलचेअरला खिळलेली’ हा प्रयोगही त्यात नापास होतो. माणूस खिळतो तो अंथरुणाला. व्हीलचेअर चालते, तिच्यामुळेच बाई मंडळात येतात.

राहिला ‘दिव्यांग’. हा शब्द डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांच्या रेडिओवरील भाषणानंतर सर्वदूर झाला आणि आता सरकारी कागदांत तोच चालतो. दाखला, योजना, अर्ज यांसाठी तोच वापरावा. मात्र आपल्या शरीरात दिव्य असे काही नाही, आम्हाला देवत्व नको, रॅम्प हवा, असे म्हणणारे अनेक अपंग कार्यकर्ते आहेत आणि ते ‘अपंग व्यक्ती’च पसंत करतात. मी त्यांच्या बाजूचा. पण एखाद्या माणसाबद्दल लिहायचे असेल तर त्यालाच विचारणे सगळ्यांत सोपे. ‘बांधव’ मात्र काढाच. ज्या बाईंनी आक्षेप घेतला त्यांना तुम्ही ‘बांधव’ म्हटले आहे, हे तुमच्या लक्षात आलेले दिसत नाही.

पत्रकासाठी माझी सूचना अशी. आवाहनाचे वाक्य गाळा आणि माहिती द्या : ‘सभा तळमजल्यावर आहे. व्हीलचेअर दारातून थेट आत येते. चर्चेच्या पुस्तकाची ध्वनिप्रत मिळेल. सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असल्यास आठ दिवस आधी कळवा.’ अर्थात हे खरे असेल तरच छापा. ‘दुभाषी’च्या जागी ‘खाणाखुणा करणारे’ असे चुकूनही लिहू नका, कारण सांकेतिक भाषांना स्वतःचे व्याकरण आहे आणि देशोदेशीच्या सांकेतिक भाषा वेगवेगळ्या आहेत. ‘मूकबधिर’ही टाळा. ऐकू न येणाऱ्या पुष्कळ जणांना बोलता येते, काही जण तर भरपूर बोलतात. ‘कर्णबधिर’ लिहा. ‘बधिर’मध्ये कान आलेच, मग वर ‘कर्ण’ कशाला, ही शंका व्याकरणाच्या दृष्टीने रास्त आहे. पण ‘बधिर’ म्हटले की आता दंतवैद्याच्या खुर्चीतली हिरडी आठवते, तेव्हा तेवढी पुनरुक्ती चालू द्यावी.