"मॅडम, मी दगड झालोय का?"

हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकलाय की आता समोरचा खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मला अंदाज येतो. १०८ वरचे डॉक्टर, पायलट (ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात, बऱ्याच जणांना माहीत नसतं), फायर ब्रिगेडचे जवान, हायवेवरचे पोलीस. शब्द इकडचे तिकडे, पण गाडी तिथंच येते. आधी झोप लागायची नाही, जेवण जायचं नाही, आता बॉडी उचलून आलो की हात धुतो आणि वडापाव खातो, काही म्हणजे काहीच वाटत नाही, माझ्यातला माणूस संपला का? २०१६ ला महाडला सावित्रीवरचा पूल गेला, २०२१ च्या जुलैत तळियेला दरड कोसळली, त्याच दिवसांत चिपळूण पाण्यात होतं, तेव्हा टीव्हीवर आठवडाभर तेच चालू होतं, मग थांबलं. उचलाउचल करणारे मात्र लगेच पुढच्या ड्युटीला गेले. अशा कामातली माणसं माझ्याकडे येतात ती कधी दोन-तीन वर्षांनी, आणि तीही स्वतःहून क्वचितच, बहुतेक वेळा बायको घेऊन येते.

हा पायलटही तसाच आला. (नाव, गाव, प्रसंग सगळं बदललंय, आणखी दोघांची गोष्ट यात मिसळलीय, तिघांना विचारूनच लिहितेय.) वहिनींची तक्रार वेगळीच होती. "मॅडम, हे गणपतीत आरतीला उभेच राहत नाहीत. आरती सुरू झाली की उठून बाहेर. सासूबाई म्हणतात पोराचा देवावरचा विश्वास उडाला." कोकणातल्या घरात गणपतीत आरतीला मुलगा नाही म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. तो नुसता हसला आणि म्हणाला, "कंटाळा येतो हो. मला हल्ली कशाचंच काही वाटत नाही, तसंच देवाचं."

पहिल्या तीन भेटी मी वाया घालवल्या, खरं सांगते. मी आपली रक्ताबद्दल विचारत बसले, किती बॉड्या, कुठला ॲक्सिडेंट, कुठलं लहान मूल. तो बातम्या वाचाव्यात तसं सांगायचा आणि मी वहीत लिहायची. चौथ्या वेळी माझ्या डोक्यात आलं की अरे, ज्याला काहीच वाटत नाही तो उठून बाहेर कशाला जाईल, कंटाळलेला माणूस आरतीत मोबाईल बघत उभा राहतो, पळत नाही.

तेच त्याला म्हटलं. "दादा, दगडाला आरती टोचत नाही. तुम्हाला टोचते. काय टोचतं त्यात?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "टोन होता तो."

कशेडी घाटातून रात्री एक बाईकवाला घेऊन येत होते. मागे डॉक्टर एकटेच त्याला श्वास देत होते. खिशातलं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून याच्या शेजारच्या सीटवर ठेवलेलं. त्या पिशवीत मोबाईल वाजत होता, आरतीचा टोन, आणि स्क्रीनवर 'घर'. बंद व्हायचा, परत वाजायचा. हॉस्पिटलला पोचेपर्यंत अकरा वेळा. पेशंट ताब्यात दिला, पिशवी दिली, सही झाली, पुढचा कॉल आला. तो माणूस जगला का गेला, आजपर्यंत याला माहीत नाही.

"उचलायलाच हवा होता मॅडम. कोण असेल तिकडे, आई असेल."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी समुपदेशक आहे (माणूस मनात धरून बसलेला 'असं व्हायलाच हवं' हा हट्ट शोधायचा आणि सैल करायचा, ही ती वाट), माझ्याबरोबर शिकलेले आता वेगवेगळ्या नव्या पद्धतींकडे गेलेत आणि मला चिडवतात, पण मला अजून त्या एका 'च' मध्ये जेवढं सापडतं तेवढं दुसऱ्या कशात सापडत नाही. मी विचारलं, "उचलला असता तर काय बोलला असता?" तो तोंड उघडून थांबला. "हात कुठं होते तुमचे?" "स्टिअरिंगवर. वळणं होती." "डॉक्टर मागे काय करत होते?" "सांगितलं की, श्वास." "मग उचलता आला असता तर बरं झालं असतं, की उचलायलाच हवा होता?"

हे ऐकायला शब्दाचा खेळ वाटतो, आणि पहिल्या भेटीत विचारलं असतं तर तो उठून गेला असता. पण तेव्हा तो रडला. अडीच वर्षांत पहिल्यांदा, वहिनींसमोर. मी पाणी पुढे केलं आणि गप्प राहिले, जे मला सहसा जमत नाही! 'च' गेल्यावर दुःख जात नाही, फक्त स्वतःला फटके मारणं थांबतं आणि जे वाईट वाटायला हवं ते वाटायला लागतं. त्याचं सुन्न होणं म्हणजे दगड होणं नव्हतं, ते त्या पिशवीचं तोंड घट्ट बांधून ठेवणं होतं, आणि बांधलेल्या पिशवीत आनंदही अडकतो, मुलाचा वाढदिवससुद्धा.

आता ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांच्यासाठी. दारात आल्या आल्या "आज काय झालं, किती गेले" विचारू नका, चहा द्या, अंघोळ करू द्या. सांगायला लागला तर ऐका, "सोड रे, विसर" म्हणू नका. टीमच्या साहेबांनो, मोठा प्रसंग झाला की त्याच संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाकडून वदवून घेणं बरं वाटतं, पण त्याचा फायदा होत नाही असं अभ्यासातून दिसलंय, कुणाकुणाला त्रासच वाढतो. त्यापेक्षा झोप होईल अशी ड्युटी लावा, आणि पेशंटचं पुढे काय झालं हे नियमात बसेल तिथे जमेल तेवढं कळवा, या एका गोष्टीची भूक मी सगळ्यांत बघितलीय. पहिले काही दिवस स्वप्नं पडणं, दचकणं होतंच. महिना उलटला तरी तेच चालू असेल, किंवा झोपेसाठी क्वार्टर लागायला लागली असेल, तर उशीर करू नका, सायकिॲट्रिस्टकडे जा, सगळं बोलण्याने सुटत नाही, गोळ्याही लागतात, आमच्या पायलटलाही काही महिने लागल्या. मरावंसं वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. जवळ कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

यंदा गणपतीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "दोन आरत्या झाल्या मॅडम. तिसरीला नाही जमलं, पडवीत जाऊन बसलो."

"मग?"

"मग काय, ही मोदक घेऊन आली तिथंच. बसली शेजारी. काही विचारलं नाही."