पूर्वजांच्या जुन्या सरकारी नोंदी कुणालाही पाहता यायला हव्यात का?

तुम्ही लिहिलंय की वंशावळ शोधायला तहसिलात गेलात, तर ‘जुनं रेकॉर्ड असं कुणालाही दाखवत नाही’ म्हणून परत पाठवलं. हे बरोबर आहे का, आणि या नोंदी खुल्या असाव्यात का, असं विचारलंय.

बरोबर नाही. आणि खुल्या असायलाच हव्यात.

मी स्वतः एका तहसील कार्यालयात पाच हेलपाटे घातले. सहाव्या खेपेला एका वयस्कर कारकुनांनी अभिलेख कक्षातून गठ्ठा काढून दिला. गाव नमुना नंबर 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. सगळं मोडी लिपीत, कडा वाळवीने खाल्लेल्या, पान उलटलं की तुकडा हातात यायचा. मोडी वाचणारे एक गृहस्थ सोबत नेले होते. 1918 च्या ऑक्टोबरच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. एका बाईचं नाव, पुढे ‘कोम’, आणि मग माझ्या पणजोबांचं नाव. कोम म्हणजे अमक्याची बायको, जसं बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. मरणाच्या कारणात ‘ताप’. वरच्या ओळीत ताप, खालच्या ओळीत ताप, अख्खं पान तापाचं. इन्फ्लुएंझाची साथ होती ती. आजोबा तेव्हा दोन वर्षांचे. पणजीचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिथूनच वडिलांना फोन करून ते सांगितलं, तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आता कायद्याचं. तुम्हाला बहुतेक ‘ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे’ असं उत्तर मिळेल. माहिती अधिकार कायदा, 2005 चं कलम 8(3) दाखवा. वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीची माहिती मागितली तर ती द्यावी लागते. देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं एवढेच अपवाद उरतात, वैयक्तिक माहितीचा उरत नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीचं कलम बदललं, 8(3) ला हात लावलेला नाही. अर्जात ‘अभिलेखाची पाहणी करायची आहे’ असं स्पष्ट लिहा, तो हक्कही कायद्यातच आहे. गाव, नमुना नंबर आणि साल नेमकं टाका. शुल्क 10 रुपये. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय चालतो आणि मजकूर 150 शब्दांच्या आत लागतो.

पण माणसाने प्रत्येक पानासाठी अर्ज का करावा? 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत हीच दप्तरं उघडली. मोडी जाणणारे बोलावले, पानं स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. आरक्षणाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, मनावर घेतलं तर हे काम होतं हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. मग ते एका जातीच्या नोंदींपुरतंच का?

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. या वह्यांत नावाशेजारी जात असते, आणि दलितांच्या बाबतीत ती पुष्कळदा अपमान वाटेल अशा शब्दांत लिहिलेली असते. ते सगळ्या जगासमोर कशाला, असं कुणी विचारलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. म्हणून मुदत हवी. माझ्या मते जन्मनोंद शंभर वर्षांनी आणि मृत्यूनोंद पन्नास वर्षांनी खुली करावी. त्याआधीची फक्त वारसांना, पण त्यांना हेलपाटे न घालता. कारण दप्तर बंद ठेवण्याचा सगळ्यात मोठा फटका दलित-कष्टकऱ्यांनाच बसतो. वतनदाराच्या घरी सनदा असतात, कैफियती असतात. शेतमजुराच्या पणजोबाची खूण म्हणजे नमुना 14 मधली एक ओळ. आणि जात पडताळणीला सरकारच विचारतं, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा आणा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967. पुरावा सरकारच्याच कपाटात, आणि किल्ली मिळत नाही म्हणून पोराची फीसवलत जाते. हे मी शेजारच्या घरात पाहिलंय.

खाडाखोडीची भीती दाखवतात, तिचं उत्तरही स्कॅनमध्येच आहे. पान एकदा सगळ्यांसमोर आलं की नंतर मूळ वहीत कुणी अक्षर बदललं तर लगेच पकडलं जातं.

पुण्याचं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचा साठाही इंग्रजांनी कित्येक वर्षं भारतीय अभ्यासकांना मोकळा दिला नव्हता. ते उघडलं तेव्हा इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड छापून काढले. तिथे राजेरजवाड्यांचे कागद होते. आपल्या माणसांचे अजून तहसिलाच्या गठ्ठ्यांत आहेत.

तुमचं पान सापडलं की अख्ख्या पानाचा फोटो काढा, नुसत्या आपल्या ओळीचा नको. माझ्या त्या ऑक्टोबरच्या पानावरून गावातल्या आणखी दोन घरांना त्यांची माणसं सापडली.