सोळा कॉन्फ्लिक्ट आणि उडालेली झोप

"मॅडम, मी कॉम्प्युटर घ्यायलाच नको होतं." थर्ड इयरचा तो मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत) खुर्चीत टेकायच्या आधीच बोलला. आठ दिवसांवर व्हायवा, चार रात्री झोप नाही, घरचे फोन उचलणं बंद. हे वाक्य मुलं दर सेमिस्टरला घेऊन येतात. धीर देण्याआधी मी विचारलं, "नक्की अडलंय कुठं?"

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं कंपायलरचं (प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात बदलणारं साधन) लॅब घेत होते. त्याचा असा अधूनमधून उपयोग होतो. लॅपटॉप उघडायला लावला. साधा कॅल्क्युलेटर, गणित कसं लिहिलं जातं ते सांगणाऱ्या ग्रामर फाइलीत पाच नियम. बायसन (त्या नियमांवरून गणित वाचणारा सी भाषेतला प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, बनवणारं साधन) चालवलं की स्क्रीनवर यायचं: १६ शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट, म्हणजे पुढं काय करायचं याचे सोळा पेच. "रूममेटला एकही येत नाही," तो पुटपुटला. मग खरं दुखणं बाहेर आलं. बायसनने बनवलेली सी फाइल तो चार रात्री ओळ न् ओळ वाचत होता. हजारावर ओळी, मध्ये नुसते आकड्यांचे तक्ते. "माझाच प्रोग्रॅम मला कळत नाही, मॅडम."

"अरे, ते तक्ते मलाही कळत नाहीत." हे मी बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. ती फाइल माणसानं लिहिलेलीही नसते आणि वाचायचीही नसते. वाचायची आपली ग्रामर फाइल. अडलंच तर बायसनला व्ही ऑप्शन देऊन आउटपुट फाइल काढायची. कुठल्या स्टेटमध्ये (पार्सरच्या कुठल्या टप्प्यावर) गोंधळ आहे ते तिच्यात सापडतं.

आता ते १६. कॉन्फ्लिक्ट ही वॉर्निंग असते, पार्सर तयार होतोच. त्यानं मात्र घाबरून तो एकदाही चालवला नव्हता! मी ८-३-२ टाकायला सांगितलं. उत्तर ७. मग २*३+४ टाकलं, आले १४. तो बघतच राहिला. हातातली क्रिया संपवायची की पुढचं चिन्ह घ्यायचं, हे ग्रामरमध्ये सांगितलंच नव्हतं, आणि अशा वेळी बायसन पुढचं चिन्ह घेतं. चार चिन्हांपैकी प्रत्येकापुढं तीच चार चिन्हं येऊ शकतात.

"चार चोक सोळा," तो म्हणाला आणि हसला.

नियमांच्या वर 'लेफ्ट'च्या (डावीकडची क्रिया आधी, असं सांगणाऱ्या) दोन ओळी घातल्या: आधी बेरीज-वजाबाकी, तिच्याखाली गुणाकार-भागाकार, कारण खालच्या ओळीला प्राधान्य जास्त. पुन्हा बायसन, फ्लेक्स (आकडे आणि चिन्हं वेगळी करणारं साधन), जीसीसी (सी भाषेचा कंपायलर). तीच दोन गणितं: ३ आणि १०. वॉर्निंग गायब.

झोपेचं आणि घरच्या फोनचं बोलायला आणखी दोन भेटी लागल्या. तिथं रूममेटचा विषय पुन्हा निघाला. रूममेटनं त्या दोन ओळी सीनिअरच्या फाइलीतून उचलल्या होत्या.

व्हायवात या मुलाला भलताच प्रश्न आला, तो चुकला. संध्याकाळी स्वतःहून आईला फोन करून तेच सांगितलं म्हणे, हसत.