न्यू जर्सीत मेडिकल मारिजुआनाचं, म्हणजे औषध म्हणून गांजा घ्यायचं कार्ड काढलं, तर नोकरीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये ते दिसतं का?

नाही. पेशंटची नोंद राज्याकडे असते, ती कायद्याने गोपनीय आहे आणि बॅकग्राउंड चेक करणाऱ्यांना ती मिळत नाही. ते बघतात कोर्टातल्या फौजदारी केसेस, आधीच्या नोकऱ्या, डिग्री. तेही तुमच्या लेखी परवानगीनेच. मी माझ्या रिपोर्टची प्रत मागून घेतली होती. पुण्याच्या डिग्रीवर अर्धं पान, कार्डाबद्दल एक अक्षर नाही.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, ‘घरचे म्हणतात, रेकॉर्डवर कायमचा डाग लागेल’. ते वाचलं आणि आमचे भाऊजी डोळ्यांसमोर आले.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. रात्री पोटऱ्या अशा आवळून यायच्या की नवरा उठून पाय दाबत बसायचा. स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन घेतलं की दिवसभर गुंगी. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनीच कार्डाचं सुचवलं. मोठ्या दिरांना हे नवऱ्याकडून कळलं आणि त्यांनी ते दिवाळीच्या फराळाला, चकली मोडता मोडता, भरल्या घरात काढलं. “अगं, पोलिसांत नाव जाईल, नोकरी जाईल!” पुढच्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला एका काकूंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “ते गांजाचं खरं का गं?” सरकारने तोंड उघडलं नव्हतं, डॉक्टरांनी उघडलं नव्हतं. माझी प्रायव्हसी फोडली ती घरच्यांनी. तेव्हा कार्ड काढायचं असेल तर आधी नातेवाइकांपासून लपवा, कंपनीचं नंतर बघू.

कंपनीच्या बाबतीत खरी भानगड असते ड्रग टेस्टची. ती आणि बॅकग्राउंड चेक या वेगळ्या गोष्टी आहेत. टीएचसीचा, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा अंश लघवीत कधी कधी काही आठवडे राहतो, अंमल कधीच उतरलेला असतो. २०२० च्या सुरुवातीला मला नवी ऑफर आली आणि टेस्ट पॉझिटिव्ह निघाली. लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला, त्यांना कार्डाचं सांगितलं. एचआरच्या बाई आजाराचं नाव विचारत राहिल्या. मी म्हटलं, कार्डाची प्रत देते, बाकी काही नाही. सात वर्षांचा असताना ब्रेन कॅन्सरने गेलेल्या जेक होनिगच्या नावाचा कायदा इथे २०१९ मध्ये झाला. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर कंपनीने लेखी कळवायचं आणि खुलाशाला कामाचे ३ दिवस द्यायचे, असं त्यात आहे. मी त्याच संध्याकाळी खुलासा पाठवला. नोकरी मिळाली. २०२१ च्या कायद्यानंतर तर नुसत्या पॉझिटिव्ह टेस्टवरून, कार्ड असो नसो, सहसा कुणाला नाकारता येत नाही.

हे न्यू जर्सीपुरतं, बरं का. कोलोरॅडोत व्हीलचेअरवरच्या एका कार्डधारकाला कामावरून काढलं आणि २०१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कंपनीचीच बाजू उचलून धरली. ट्रक चालवत असाल किंवा सिक्युरिटी क्लिअरन्सची (सरकारी गुप्त माहिती हाताळायची) नोकरी असेल तर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे नियम लागतात, तिथे कार्डाचा उपयोग शून्य. आणि डिस्पेन्सरीत, म्हणजे गांजाच्या परवानाधारक दुकानात आयडी स्कॅन होतो, तोही कुठेतरी साठतोच. २०२० मध्ये अशा दुकानांच्या सॉफ्टवेअरमधून ३०,००० हून जास्त लोकांची माहिती उघड्यावर पडल्याचं जाहीर झालं होतं.

आणि तुम्ही एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल तर वरचं काहीही धरून चालू नका. राज्यात कायदेशीर असलं तरी नागरिकत्वाच्या अर्जात गांजाचा वापर आड येऊ शकतो, हे इमिग्रेशन खात्याने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. शिक्षा झालेली नसली तरी अधिकाऱ्यापुढची नुसती कबुलीही महागात पडू शकते. आधी इमिग्रेशनचा वकील, मग कार्ड.

भाऊजींनी हा मुद्दा काढला असता तर मी ऐकलं असतं. पण मी सिटिझन आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना काळजी मंडळातल्या लोकांची. स्वतः रोज रात्री दोन पेग लावतात, ते कुठल्या बॅकग्राउंड चेकमध्ये येतं, हे एकदा त्यांना भर फराळातच विचारणार आहे.