आधी वही, मग पुस्तक

विज्ञान शिकवायला नव्याने रुजू झालायस म्हणून सांगतो: फळ्यावर व्याख्या लिहून देऊ नकोस. पोरं ती सुबक अक्षरात उतरवतात आणि विसरतात. मीही पाच-सहा वर्षं तेच केलं.

आमच्या शाळेतून खाडी दिसते. भरती-ओहोटी शिकवायची असली की आठवडाभर आधी पोरांना जेटीवर पाठवतो. दिवसाची पूर्ण भरती किती वाजता आली, एवढंच रोज लिहायचं. चौथ्या दिवशी कुणीतरी ओरडतंच, "सर, रोज उशीर होतोय!" साधारण 50 मिनिटं. मग पुस्तक उघडायचं. चंद्राबद्दलचा परिच्छेद तेव्हा पोरं खरंच वाचतात, कारण त्यांना उत्तर हवं असतं.

अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या सुमाराचा भांग (पाणी सगळ्यात कमी चढतं-उतरतं ती भरती-ओहोटी), हे शब्द कोळ्यांच्या पोरांना आधीच ठाऊक असतात. ते वहीत येऊ देत. "पानी कालवांच्या वर दोन वीत चढला" असं कुणी लिहिलं तर लाल पेनाने खोडू नकोस, त्यात माप आहे! शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी.

आणि हो, प्रयोगवह्या मार्चमध्ये एकगठ्ठा तपासायला घेऊ नकोस. तेव्हा सगळ्यांची निरीक्षणं जुळी निघतात.