वाचकांचे प्रश्न : मोडलेल्या गल्लीची प्रतिकृती

प्रश्न : दिवाळीत नातवंडांसाठी मातीचे किल्ले करता करता हात बसला आहे. आता वडिलांचे बालपण जिथे गेले ती आमची गल्ली, रुंदीकरणापूर्वी १९५० च्या सुमारास होती तशी, लहान प्रमाणात उभी करावी असे मनात आहे. बहुतेक घरे पाडली गेली आहेत. हाताशी लग्नातली दोन छायाचित्रे आणि नव्वदीला टेकलेल्या आत्याबाईंची आठवण एवढेच आहे. प्रमाण कोणते घ्यावे आणि मापे कशी मिळवावीत?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपल्या कामासाठी १:७२ हे प्रमाण मी सुचवीन, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. या प्रमाणात एक इंच म्हणजे बरोबर सहा फूट होतात, आणि जुन्या माणसांची आठवण फुटांत चालते, मीटरमध्ये नव्हे. चोवीस फुटी दर्शनी भिंत चार इंचांत बसते, तीनशे फुटांची गल्ली पन्नास इंचांत, म्हणजे चार फुटांच्या टेबलापेक्षा जेमतेम दोन इंच अधिक जागेत मावते. १:५० घेतल्यास कोरीव काम सोपे जाईल, परंतु तीच गल्ली सहा फूट लांब होईल आणि घरातील मंडळी ती कुठे ठेवायची हे आपल्याला विचारतील.

आत्याबाईंना घराची लांबी-रुंदी विचारू नका, खण विचारा. "सोपा पाच खणांचा होता, माजघर तीन खणांचे" हे त्या क्षणात सांगतील. खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर, तेव्हा खणांच्या संख्येवरून खांब किती आणि कुठे हे आपोआप ठरते. मग गल्लीत किंवा शेजारच्या गल्लीत अजून उभे असलेले त्याच धाटणीचे एखादे घर शोधून त्यातील एक खण, जोत्याची उंची आणि दाराची चौकट टेपने मोजावी. हे अंदाजाचे माप आहे, पण आठवणीतल्या फुटांपेक्षा ते अधिक भरवशाचे ठरते. पाडलेल्या घराच्या जागेची रुंदी सिटी सर्व्हेच्या जुन्या नकाशावर आणि उताऱ्यावर मिळू शकते. रुंदीकरणापूर्वीची प्रत मिळाली, तर रस्त्याची खरी रेषाही हाती लागेल.

छायाचित्र समोरून घेतलेले असेल तर वळचणीच्या कडेने कौले मोजावीत. मंगळुरी कौलाची दिसणारी रुंदी कोणत्याही जुन्या छपरावर मोजून घेतली, की छपराची लांबी गुणाकाराने निघते. तिरक्या कोनातून घेतलेल्या छायाचित्रात मात्र दूरची कौले लहान दिसतात, त्यामुळे तिथे केवळ संख्या घ्यावी, पट्टी लावू नये. उभ्या असलेल्या घराची उंची हवी असेल तर सावलीचा उपयोग करावा : दोन मीटर काठीची सावली दीड मीटर पडत असताना भिंतीची सावली सहा मीटर असेल, तर भिंत आठ मीटर उंच आहे.

छपराबाबत थोडे अधिक लिहितो, कारण गल्लीची प्रतिकृती वरूनच पाहिली जाते आणि बहुतेक हौशी माणसे भिंतींवर महिने घालवून छपरावर शेवटचा रविवार खर्च करतात. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. त्याआधी आपल्याकडे नळीची कौले होती, आणि पुढेही अनेक घरांच्या मागच्या पाखावर तीच राहिली. १९५० च्या गल्लीत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसणे स्वाभाविक आहे, म्हणून सगळी छपरे एकसारखी करू नयेत. नळीच्या कौलांसाठी कागदावर शिवणाचा जाड दोरा दोन-दोन मिलिमीटरवर समांतर चिकटवून त्यावर पातळ कागद नखाने दाबून बसवावा. मंगळुरी कौलांसाठी जाड कागदाच्या पट्ट्या आडव्या, खालून वर, एकीवर एक थोडी चढवून लावाव्यात. रंग एकच लाल देऊ नये. आपल्या पावसात कौले शेवाळून काळी पडतात आणि फुटलेल्या जागी घातलेले नवे कौल लालभडक उठून दिसते.

शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते आणि विणकरांचे गाव म्हणून साड्यांसाठी प्रसिद्ध होते, हे विसरू नये. आपल्या गल्लीत विणकराचे घर असेल, तर एखाद्या दारातून खड्ड्यातला माग दिसू द्या. दुकानांच्या पाट्यांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी विचाराल म्हणून सांगतो : छायाचित्रात ज्या भाषेत असेल त्याच भाषेत लिहावी, छायाचित्र नसेल तर पाटी कोरी ठेवावी.

प्रश्न : पुठ्ठ्याचा वाडा पावसाळ्यात वाकडा झाला आणि कसर लागली. काय करावे?
— खानापूर तालुक्यातील वाचक

उत्तर : पुठ्ठ्याला एकाच बाजूने रंग दिल्यास तो हमखास वाकतो, दोन्ही बाजूंनी आणि कापलेल्या कडांनाही पातळ वॉर्निश द्यावे. खळ वापरू नये, कारण कसर आणि झुरळे तिच्याच वासावर येतात; फेव्हिकॉल पुरेसा आहे. वाडा काचेच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा आणि पुड्या जूनपूर्वी बदलाव्यात. वाकलेला भाग सरळ करण्याच्या फंदात न पडता नवा कापावा.

प्रश्न : विद्यार्थ्यांना बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीची प्रतिकृती करायची आहे. छतावरील कमळ कसे दाखवावे?
— एक शिक्षिका, चिकोडी

उत्तर : रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याच्या काळात, १२०४ मध्ये बांधलेल्या या जैन बस्तीला नावच त्या कमळावरून मिळाले, त्यामुळे तेच झाकले जाईल अशी प्रतिकृती करणे योग्य नाही. मंडपाचे छत उचलून काढता येईल असे करणे हा एक उपाय आहे, परंतु मुले ते सारखे उचलतील आणि आठवड्यात कोपरे तुटतील. त्यापेक्षा मंडपाच्या जमिनीवर छोटा आरसा बसवावा. बाजूने वाकून पाहणाऱ्याला छताचे कमळ त्यात दिसते. अडीच मीटरचा खांब १:५० प्रमाणात पाच सेंटीमीटर होतो, इतक्या आकारात खांबांवरील नक्षी उतरवण्याचा हट्ट धरू नये. लाकूड कातणाऱ्या कारागिराकडून खांबांच्या गोल कड्या तेवढ्या नीट काढून घ्याव्यात आणि विद्यार्थ्यांचा वेळ कमळाच्या पाकळ्यांसाठी राखून ठेवावा. त्या शाडूच्या, वेगवेगळ्या करून, मधल्या लोलकापासून बाहेरच्या वर्तुळाकडे लावत जाव्यात. किल्ल्यात छायाचित्रे घेण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे, आणि छताचे छायाचित्र बरोबर मध्याखाली उभे राहून घ्यावे.