तिसरा स्विच मागवू नकोस

मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मोटरचा प्लग काढून मोजलं तर पुरे 12 व्होल्ट मिळतात, प्लग जोडला की तुझ्या जुन्या गाडीच्या हीटरचा ब्लोअर, म्हणजे गरम हवा फेकणारा पंखा, जेमतेम फिरतो आणि स्विचला हात लावला तर चटका बसतो. दोन स्विच जळाले, आता तिसरा मागवायचा म्हणतोस. थांब जरा.

प्लग काढून मोजलंस, तिथेच फसलास. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे पार काळवंडलेल्या कॉन्टॅक्टमधूनही त्याला 12 व्होल्ट दिसतात. ब्लोअर चालू ठेवून मोज. सर्वांत जास्त गतीवर ठेव, मीटरची एक पिन स्विचमध्ये येणाऱ्या वायरवर लाव, दुसरी बाहेर जाणाऱ्या वायरवर. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढा स्विचच खातोय. कॉन्टॅक्टमध्ये 0.1 ओहम रोध आणि 10 अँपिअर करंट म्हणजे त्या एवढ्याशा डबीत 10 वॉट उष्णता. प्लास्टिक वितळणार नाही तर काय होईल?

मग मोटरची बॉडी ते बॅटरीचं अर्थ टर्मिनल (गाडीच्या बॉडीला जोडलेलं टोक) असं मोज, तेही ब्लोअर चालू ठेवूनच. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा प्लस बाजू बॉडीला असते, तेव्हा उणे चिन्ह दिसलं तर घाबरू नकोस. नुसत्या खालच्या गती बंद असत्या तर मी गती कमी करणारा रेझिस्टर बघ म्हटलं असतं. तुझ्या सगळ्याच गती मंद आहेत. मला संशय मोटरचा आहे. शाफ्टला आधार देणारे बुश कोरडे पडले की मोटर जड फिरते, जास्त करंट ओढते आणि भोगतो स्विच. अशा वेळी मोठा फ्यूज टाकायचा विचारही करू नकोस, त्याने वायरिंग जळेल.

हे मी चिडून लिहितोय, कारण हीच चूक मी केली आहे. माझ्या पहिल्या जुन्या गाडीचा मूळ स्विच मी न मोजता फेकून दिला आणि डॅशबोर्डला भोक पाडून साधा टॉगल स्विच बसवला. महिन्याभरात तोही जळाला. मोटर काढली तर शाफ्ट बोटांनी फिरेना. मूळ स्विचला फक्त कार्बन धरला असणार. ते भोक आजही तिथेच आहे.

म्हणून जुना स्विच टाकू नकोस. बॅटरीची वायर काढ, स्विच पिशवीच्या आत धरून पत्र्याचे कान हळूच उचल, नाहीतर स्प्रिंगखालचा छर्रा उडून जाईल. आत पितळी पट्टीवर काळा डाग दिसेल. बारीक पॉलिश पेपरने पितळ चमकेपर्यंत घास, पण खड्डा खोल असेल तर उगाच पट्टी झिजवू नकोस.

सर्वांत जास्त गतीच्या वायरवर डॅशबोर्डच्या आत रिले बसव, म्हणजे थोड्याशा करंटवर चालणारा आणि मोटरचा मोठा करंट स्वतः सांभाळणारा वेगळा स्विच. त्या गतीला मग स्विचमधून 0.2 अँपिअरच्या आसपासच करंट जातो. 'मूळ गाडीत रिले नव्हता' म्हणणारे भेटतील, मलाही भेटले. माझा रिले दोन स्क्रू काढले की निघतो, आणि त्याच्यामुळे माझ्या आत्ताच्या गाडीतला मूळ स्विच शाबूत आहे. मला त्यात काही चूक वाटत नाही.

स्विचवर किती व्होल्ट पडले, अर्थवर किती पडले आणि मोटर किती अँपिअर ओढते, हे तीन आकडे कळव. ब्लोअर चालू ठेवून घेतलेले.

तुझा काका